नाव घेऊन नमस्कार



मागच्या ७ डिसेंबरला रविवार आला होता, म्हणून आमच्या महिला मंडळाची सभा मंदिरजीच्या सभागृहातच ठेवली होती. विषय नेहमीचेच. आहारदानाच्या पाळ्या, भांड्यांची मोजदाद, पाठशाळेच्या मुलांचा खाऊ. मंडळाची खजिनदार मी. माझ्या बी.कॉम.चा घरात झाला नाही एवढा उपयोग इथे होतो, असं आमचे हे म्हणतात.

सभा आटोपत आली तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका ताईंनी पिशवीतून कागदी ध्वजांचा गठ्ठा काढला. लाल, गडद निळा आणि आकाशी, असे तीन पट्टे. "आज सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. प्रत्येकीने एक ध्वज घ्या, जमेल ते द्या. आणि मंडळाच्या वतीनेही काही रक्कम देऊ," त्या म्हणाल्या. दोन-चार जणींनी पर्स उघडल्या. तेवढ्यात आमच्या एक ज्येष्ठ काकू, ज्यांचा शब्द आम्ही सगळ्या मानतो, शांतपणे म्हणाल्या, "स्वतःचे द्यायचे तर खुशाल द्या. मंडळाच्या पैशातून नको. हा पैसा अहिंसेच्या कामाचा आहे. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि बंदुकीला दान करायचं?"

सभेत शांतता पसरली. खजिनदार म्हणून सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला काही उत्तर सुचलं नाही. "पुढच्या सभेत ठरवू," एवढंच बोलले आणि वही मिटली.

घरी आले तरी काकूंचं वाक्य डोक्यातून जाईना. त्या चुकीचं बोलल्या असं मला म्हणता येत नव्हतं, आणि बरोबर बोलल्या असंही वाटत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी जुनी पुस्तकं काढून बसायचे. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात आमच्या घरातल्या पेटीपासून करते. सासूबाईंच्या पेटीत त्यांच्या शालूच्या घडीखाली एक पिवळी पडलेली पावती असायची. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला आणि देशभरच्या बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. सासूबाईंनी एक बांगडी दिली होती. एकच, कारण दुसरी सासऱ्यांच्या आईची होती. जोड मोडली म्हणून उरलेली त्यांनी पुन्हा कधी घातली नाही. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध आणि वर धान्याची टंचाई अशी दुहेरी ओढाताण झाली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायचं आवाहन केलं. सासूबाई हसून सांगायच्या, "आम्हाला काय, रात्रीचं जेवण आधीच सोडलेलं. मग मी सोमवारी सकाळचंही सोडलं." शास्त्रीजी गेले, टंचाई सरली, पण त्यांचा तो सोमवार कितीतरी वर्षं चालू राहिला. त्या पक्क्या व्रती होत्या. चातुर्मासात हिरवी भाजी खात नसत. त्यांच्या मनात अहिंसा आणि ती बांगडी यांचं भांडण कधी झालेलं मला दिसलं नाही.

आता काकूंच्या वाक्यातला पहिला भाग बघू. "बंदुकीला दान." हिशोब ठेवणाऱ्या बाईने आधी हिशोब तपासावा. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने दरवर्षी ७ डिसेंबरला हा दिवस पाळायचं ठरवलं. ध्वजाचे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. या निधीची उद्दिष्टं तीन: युद्धात जखमी झालेल्यांचं आणि मरण पावलेल्यांच्या कुटुंबांचं पुनर्वसन, सेवेतल्या सैनिकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं कल्याण, आणि माजी सैनिकांचं पुनर्वसन व कल्याण. शस्त्रखरेदी संरक्षणाच्या अंदाजपत्रकातून होते, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. ती आपण काकूंसह सगळ्याच आधीपासून करत आलो आहोत. साबणाच्या वडीवरही कर असतो. ध्वजदिनाची नाणी मात्र वीरपत्नीच्या मुलांच्या शाळेकडे, आजारी माजी सैनिकाच्या औषधाकडे जातात. पुण्याजवळ खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, त्यालाही या निधीतून मदत मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रक्कम देऊन पावती घेता येते. जुन्या कररचनेत असाल तर करसवलतही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हे करुणादान आहे, औषधदान आहे.

पण काकू एवढ्याने ऐकणाऱ्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांचा खरा प्रश्न खोल होता. पैसा बंदुकीकडे जात नाही हे मान्य केलं, तरी ज्याचं काम लढण्याचं आहे त्याला अहिंसेच्या घरातून नमस्कार कसा करायचा?

आपल्या आचार्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो आहोत की हिंसा चार प्रकारची. ठरवून मारणं ही संकल्पी. चूल, दळण, झाडलोट यांत होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. आणि स्वतःवर, आश्रितांवर, देशावर चालून आलेल्याला थोपवताना होते ती विरोधी. मुनी चारही सोडतात. गृहस्थाकडून संकल्पीचा पूर्ण त्याग अपेक्षित आहे, बाकीच्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या. म्हणजे सीमेवर उभा असलेला गृहस्थ आणि चुलीपुढे उभी असलेली मी एकाच यादीत आहोत. यादीत वेगळ्या ओळीवर, पण यादी एकच. हिंसेला हिंसा म्हणायचंच, तिला पुण्य म्हणायचं नाही. पण तिचा भार आपल्यासाठी जो उचलतो त्याला परका मानायचं नाही.

श्रवणबेळगोळला आपण सगळ्या जाऊन आलो आहोत. पायऱ्या चढून दमल्यावर समोर ते सत्तावन्न-अठ्ठावन्न फुटांचं शांत रूप दिसतं आणि पाय दुखायचे थांबतात. ती मूर्ती सुमारे इ. स. ९८१ मध्ये कोणी घडवून घेतली? चामुंडरायांनी. ते गंग राजांचे मंत्री होते आणि सेनापती होते. आयुष्य रणांगणावर गेलेला माणूस. त्याने मूर्तीसाठी कोणाची निवड केली, हे मला या वेळी पहिल्यांदा नीट जाणवलं. भरत आणि बाहुबली यांचं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं तेव्हा दोन्हीकडचे मंत्री म्हणाले की भांडण दोन भावांचं, मग ही हजारो माणसं का मरावीत? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशी तीन युद्धं दोघा भावांतच झाली. सैन्य उभं राहून बघत होतं आणि सगळं घरी परतलं. बाहुबली जिंकला आणि जिंकलेलं सोडून निघून गेला. एका सेनापतीने डोंगरावर उभा केला तो हा पुरुष. लढाईची किंमत सेनापतीइतकी कोणाला माहीत असणार?

मूर्तीच्या पायाशी मराठीतला जुना शिलालेख आहे. मूर्ती चामुंडरायांनी करवली आणि भोवतीचा परिसर गंगराजांनी करवला, असं तो सांगतो. हे गंगराज होयसळांचे सेनापती. म्हणजे ज्या लेखाचा मराठी माणूस म्हणून आपण अभिमान बाळगतो, त्यात दोन सैनिकांची नावं आहेत आणि दोघेही जैन श्रावक आहेत.

आणि रोज पूजेच्या शेवटी आपण शांतिपाठ म्हणतो, त्यात काय मागतो? सगळ्या प्रजेचं क्षेम असो, पाऊस वेळेवर पडो, रोग-दुष्काळ-चोरी नसो. आणि त्याच ओघात आपण मागतो की राज्य करणारा धार्मिक असो आणि बलवानही असो. चाळीस वर्षं म्हणते आहे, पण "बलवान" या शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. ते बळ कोणाच्या खांद्यावर उभं असतं, हा विचार केला नव्हता.

नमस्कार करायला हरकत नाही, इतकं मनाशी ठरलं. मग पुढचा प्रश्न आला. नमस्कार कोणाला? "सैनिकांना", "जवानांना", "शहिदांना" असं आपण अनेकवचनात म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण आपल्या धर्माचा पायाच असा आहे की प्रत्येक जीव स्वतंत्र आहे. तो कोणात विलीन होत नाही, दुसऱ्यात मिसळत नाही. मुंगीचा जीवसुद्धा एकेक मोजायचा. मग माणसांचा ढीग करून स्मरण कसं होईल? इतिहासात हे कसं होत आलं, ते मी शोधू लागले. गंमत म्हणजे पहिला धागा आपल्या जिल्ह्यातच सापडला.

आपली पवनी. वैनगंगेकाठचं तटबंदीचं जुनं गाव. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, हे पुष्कळांना माहीत असेल. त्याच पवनीत एक दगडी स्तंभ सापडला होता. ब्राह्मी लिपीतला लेख असलेला, रूपिअम्म नावाच्या क्षत्रप कुळातल्या कुमाराच्या स्मरणाचा. अठराशेहून अधिक वर्षं झाली असतील. म्हणजे गेलेल्याचं नाव दगडावर कोरायची रीत आपल्या नदीकाठी इतकी जुनी आहे. मात्र नाव कोरलं गेलं ते राजपुत्राचं.

साध्या लढवय्याच्या वाट्याला आले ते वीरगळ. महाराष्ट्रात गावोगाव, वेशीपाशी, मंदिराच्या आवारात हे दगड उभे असतात. आपण त्यांना देव समजून शेंदूर लावतो. खालच्या चौकटीत लढाई, किंवा गावची गुरं पळवणाऱ्यांशी झुंज. मधे अप्सरा वीराला वर घेऊन चालल्या आहेत. त्यावर तो शिवलिंगापाशी पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेखच नाही. चंद्र-सूर्य राहिले, नाव गेलं.

साध्या शिपायांची नावं ओळीने कोरलेला आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध स्तंभ म्हणजे भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तो स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे खरं. पण त्यावर कंपनीच्या ४९ मृतांची नावं आहेत आणि त्यांतली २२ नावं "नाक" या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महार शिपायांची आहेत. ज्या काळात यांच्या पूर्वजांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्या काळात दगडाने त्यांचं नाव धरून ठेवलं. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. आजही लाखो लोक तिथे का जातात, हे मला दगडावरच्या त्या नावांमुळे कळलं.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१४ ते १९१८ या काळात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापलीकडे गेले. आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा इथे वेढ्यात उपासमार होऊन शरण गेलेल्या फौजेचं नावच "पूना डिव्हिजन" होतं. युद्ध संपल्यावर सरकारने देशभर कित्येक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पण असल्या पाट्यांवर बहुधा आकडेच आहेत. गेलेल्यांचे किती, मेलेल्यांचे किती. एखाद्या दुकानाच्या मालसाठ्याच्या पाटीसारखं.

आणि बसऱ्याचं स्मारक? १९२९ मध्ये ते खुलं झालं. ज्यांचा देह सापडला नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते आहे. तिथल्या दगडावर इंग्रज शिपायाचं नाव आहे, अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांपुरतं मात्र फक्त पलटणीचं नाव आणि पुढे संख्या. ही वेगळी वागणूक बरोबर नव्हती, अशी कबुली देऊन युद्धस्मारकांची देखरेख करणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. जवळजवळ शंभर वर्षांनी. त्यांच्याच अहवालाप्रमाणे किमान ४५ हजार जणांचं स्मरण असं असमान झालं, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच राहिली नाही.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आपण पर्युषणात एकेंद्रिय जीवाचीसुद्धा क्षमा मागतो. आणि इथे आई-बापांनी बारसं करून ठेवलेली नावं कोणीतरी "तीनशे बारा" किंवा "सत्तावीस" अशी लिहून संपवली.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. ते १९३१ मध्ये पूर्ण झालं. सत्तर हजारांहून अधिक मृतांसाठी बांधलेलं, तरी नावं एवढीच. स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी मात्र तिथे पुष्कळ वर्षं वेगळं स्मारक नव्हतं. १९७१ च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ रोजी त्या कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली. उलटी बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण. त्यावर नाव नव्हतं, कारण ते सगळ्यांसाठी होतं. अखेर २५ फेब्रुवारी २०१९ रोजी शेजारीच राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. तिथे वर्तुळाकार भिंती आहेत आणि प्रत्येक सैनिकासाठी ग्रॅनाइटची एक वीट आहे. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. एक वीट, एक नाव. पदाने मोठा म्हणून मोठी वीट नाही. आपल्याकडे सिद्धशिलेवर लहान-मोठा नसतो, त्याची मला आठवण झाली.

आता पुन्हा पवनीला येते.

पूर्वीच्या युद्धांत बहुतेक जवानांवर सीमेजवळच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी यायची ती तार, आणि नंतर कधीतरी ट्रंक. १९९९ च्या कारगिल युद्धापासून देह गावी पाठवायला सुरुवात झाली. त्या युद्धात ५२७ जण गेले आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचल्या. युद्ध टीव्हीतून उतरून गावच्या रस्त्यावर आलं.

आपल्या जिल्ह्यात ते आलं २०१७ च्या डिसेंबरात. २३ डिसेंबरला जम्मू-काश्मीरमधल्या राजौरी जिल्ह्यात, केरी सेक्टरमध्ये, नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असलेल्या तुकडीवर पाकिस्तानकडून मारा झाला. त्यात मेजर प्रफुल्ल अंबादास मोहरकर गेले. वय अवघं ३२. ते आपल्या पवनीचे. त्यांच्यासोबत शीख रेजिमेंटचे लान्स नायक गुरमेल सिंग, लान्स नायक कुलदीप सिंग आणि शिपाई परगट सिंग हेही गेले. धान पिकवणाऱ्या आपल्या भागातला एक मुलगा पंजाब-हरियाणाच्या जवानांना घेऊन काश्मीरच्या डोंगरात चालत होता. चौघे एकत्र गेले आणि चार दिशांच्या चार घरी परतले.

मी तेव्हा पवनीला गेले नव्हते, टीव्हीसमोर होते. खरं सांगते, त्या दिवशी मला फक्त "आपल्या जिल्ह्याचा मुलगा" एवढंच दिसलं. बाकीच्या तिघांची नावं मी या डिसेंबरात, हा लेख लिहायच्या निमित्ताने, पहिल्यांदा लक्षात ठेवली. आठ वर्षं मी त्यांना "आणि अन्य तीन जवान" म्हणत होते. बसऱ्याच्या दगडाने केलं तेच मीही केलं.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय भंडाऱ्याच्या बाईचा लेख पुरा होत नाही. आपल्या शहराजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. सैन्याची दारू तिथे बनते. श्रावकाने शस्त्राचा आणि विषाचा व्यापार करू नये, अशी आपल्या ग्रंथांची आज्ञा आहे आणि आपण ती पाळतो. पण आपण करत नाही म्हणून ते काम थांबत नाही, ते दुसरं कोणी करतं. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तिथे स्फोट झाला. आवाज दूरपर्यंत ऐकू गेला. किमान आठ कामगार गेले. ते सैनिक नव्हते. त्यांच्यासाठी ध्वज नाही, दिल्लीत वीट नाही. पण सैनिकाच्या हातातलं जे काही असतं, त्याच्या आधीच्या टोकाला हे हात असतात. आपली अहिंसा स्वच्छ राहते ती काही अंशी या लोकांनी आपल्या वाटणीची जोखीम उचलली म्हणून. हे कबूल करायला मला जड गेलं, पण प्रतिक्रमण म्हणजे तरी काय? जे आपल्या खात्यावर आहे ते दुसऱ्याच्या खात्यावर न ढकलणं.

मंडळाची पुढची बैठक आम्ही मुद्दाम २३ डिसेंबरला ठेवली. मंगळवार असूनही बायका बऱ्याच जमल्या. मी वरचं सगळं थोडक्यात सांगितलं. निधीचा पैसा कुठे जातो ते सांगितलं, चामुंडरायांचं सांगितलं, बसऱ्याचं सांगितलं. मग काकूंकडे पाहिलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंडळाच्या पैशाबद्दल माझं मत तेच आहे. घटनेत लिहिलेल्या कामासाठीच तो पैसा. तू खजिनदार आहेस, तुला माझ्याहून जास्त कळतं." खरं होतं ते. आमच्या मंडळाच्या नियमांत ते बसत नव्हतं आणि घाईत मी ते तपासलंही नव्हतं. मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, "पण नावं दे इकडे. ती मी वाचते."

शांतिपाठ झाल्यावर काकू उभ्या राहिल्या. चष्मा पुसला आणि चारही नावं एकेक करून वाचली. "गुरमेल" म्हणताना अडखळल्या, थांबल्या आणि पुन्हा नीट म्हणाल्या. मग जवाहरनगरच्या कामगारांचं स्मरण केलं. मग आम्ही सगळ्यांनी कायोत्सर्ग केला. नऊ णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास.

इंग्लंडात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची प्रथा ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सुरू झाली, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या पहिल्या वर्षदिनी. मी नंतर घड्याळ लावून पाहिलं. सावकाश केलेला आपला नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग जवळजवळ दोन मिनिटांचाच होतो. आपल्याकडे तो कितीतरी आधीपासून आहे. फक्त यात शत्रूसाठीही जागा आहे, कारण क्षमा मागताना आपण कोणालाच वगळत नाही. पलीकडच्या बाजूलाही कोणाची तरी आई असते. तिच्याबद्दल मनात विष न ठेवता आपल्या मुलाचं नाव घेता येतं, हे त्या दोन मिनिटांत मला कळलं.

वैयक्तिक वर्गणी ४,३५० रुपये जमली. पावती आली, ती मी सासूबाईंच्या पेटीत त्यांच्या बांगडीच्या पावतीशेजारी ठेवली आहे.

तुम्हालाही एवढंच सांगते. ध्वजदिन असो, कारगिल विजय दिन असो, की १६ डिसेंबरचा विजय दिन, स्टेटसवर तिरंगा लावायला हरकत नाही. पण त्याआधी आपल्या गावातून, आपल्या तालुक्यातून गेलेल्या एकाचं तरी पूर्ण नाव शोधा, त्याच्यासोबत गेलेल्यांचीही नावं शोधा, आणि ती मोठ्याने, नीट उच्चार करून घ्या. मुलांना, नातवंडांना म्हणायला लावा. शांतिपाठ म्हणाल तेव्हा "बलवान" शब्दापाशी एक श्वास थांबा. आणि त्या विटांच्या भिंतीत आणखी वीट लागू नये, ही प्रार्थना त्यातच करा.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र. जय हिंद.